लिंक, रेलेव्हन्स आणि गूगल रँकिंग: कोल्हापूरच्या दुकानदार-कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साइट करून वर्ष झालं, दुकानाचं नाव टाकलं तर दिसते, पण "कोल्हापुरी चप्पल होलसेल" किंवा "एसजी आयर्न कास्टिंग" (बिडाचं ओतकाम) टाकलं की आपण कुठंच नाही, ही तक्रार राजारामपुरीपासून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत सगळीकडं ऐकू येते. आणि मग कुणीतरी येऊन सांगतं की लिंका, म्हणजे दुसऱ्या साइटींवरनं आपल्या साइटला जोडणाऱ्या लिंका, कमी आहेत, त्या घ्या. लिंका महत्त्वाच्या आहेत हे खरंच, पण कसल्या आणि कुठनं, हे कुणी नीट सांगत नाही म्हणून ही उत्तरं सविस्तर लिहिली आहेत. पहिली तीन तेवढी क्रमानं वाचा, बाकीची हवी तशी.

लिंकमुळं रँक वाढतं म्हणजे नेमकं काय होतं?

नव्वदच्या दशकातली सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्दच बघायची. त्यामुळं कुणी पानाच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात एकच शब्द शंभरदा लिहून ठेवला तरी ते पान वर यायचं आणि खरं कामाचं पान कुठंतरी खाली पडायचं. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करत होते. शास्त्रीय लेखात जसा दुसऱ्या लेखांचा संदर्भ देतात आणि ज्याला जास्त संदर्भ तो लेख महत्त्वाचा मानतात, तसंच वेबवरच्या लिंकांचं करता येईल हा त्यांचा विचार. १९९८ साली त्यांनी तो शोधनिबंधात मांडला, त्याला पेजरँक म्हणतात, आणि त्याच वर्षी गूगल कंपनी सुरू झाली.

यात खरी गंमत अशी की सगळ्या लिंका सारख्या नाहीत. ज्या पानाला स्वतःला चांगल्या लिंका आहेत त्या पानाच्या लिंकेला वजन जास्त, आणि ते वजन त्या पानावरनं बाहेर जाणाऱ्या सगळ्या लिंकांत वाटलं जातं. म्हणजे एकाच पानावर पाचशे जणांची नावं लिंक करून ठेवली असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार. त्या शोधनिबंधात त्यांनी एक माणूस कल्पिला होता जो एका लिंकवरनं दुसऱ्या लिंकवर क्लिक करत फिरतोय आणि मध्येच कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो, तर तो लिंक धरून पुढं जाण्याची शक्यता ०.८५ धरलेली. असा माणूस ज्या पानावर जास्त वेळा येऊन पोचतो ते पान महत्त्वाचं, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक काम लिंक करते जे लोक विसरतात. गूगलला तुमचं नवीन पान सापडतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्यातरी पानावरच्या लिंकवरनंच. लिंकच नसेल आणि साइटमॅपही (साइटच्या पानांची यादी) दिलेला नसेल तर पान असून नसल्यासारखं.

आमचा पेजरँक किती, डीए किती, हे कुठं बघायचं?

पेजरँक आता बघता येत नाही. २००० सालापासून गूगलच्या टूलबारमध्ये शून्य ते दहा असा आकडा दिसायचा, तो २०१६ साली कायमचा बंद झाला. आतमध्ये गूगल त्याचं सुधारलेलं रूप अजून वापरतं, पण आकडा कुणालाच दाखवत नाही. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, हा मॉझ नावाच्या कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे, गूगलचा नाही. दोन साइटींची साधारण तुलना करायला ठीक आहे, पण "तुमचा डीए तीसवर नेऊन देतो" म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो तुम्हाला गिऱ्हाईक नव्हे, आकडा विकतोय एवढं ध्यानात ठेवा.

रेलेव्हन्स म्हणजे काय? आमच्या साइटवर तर सगळं लिहिलंय.

हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इथंच आपल्याकडच्या बहुतेक साइटी मार खातात, लिंकेत नाही.

माणसानं जे टाइप केलं त्याला तुमचं पान किती नेमकं लागू पडतं, ते म्हणजे रेलेव्हन्स. गूगल आधी लाखो पानांतनं लागू पडणारी पानं वेगळी काढतं आणि मग त्यांच्यात वरखाली करतं, तेव्हा लिंकेचा विषय येतो. लागू पडणाऱ्यांतच तुम्ही नसाल तर लिंका असून काही उपयोग नाही.

आता शिवाजी उद्यमनगरातल्या किंवा शिरोलीतल्या कुठल्याही फौंड्रीची साइट उघडा. "आम्ही क्वालिटीला प्राधान्य देतो, ग्राहकांचं समाधान हेच आमचं ध्येय, अनुभवी टीम" असं लिहिलेलं असतं, खाली मशीनचे फोटो, आणि संपलं. पुण्याचा परचेसवाला काय टाइप करतोय? त्याला अमुक ग्रेडचं एसजी आयर्न पाहिजे, पाच ते चाळीस किलोचा पीस पाहिजे, मशिनिंग करून पाहिजे, टेस्ट रिपोर्ट पाहिजे. यातला एकही शब्द साइटवर नाही. कारखान्यात हे सगळं रोज होतंय, पण पानावर नाही, मग गूगलनं काय वाचायचं?

शब्दांचं शास्त्र तसं जुनं आहे. केंब्रिजच्या संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलं की जो शब्द थोड्याच कागदपत्रांत येतो तो जास्त ओळख देतो, जो सगळीकडं येतो त्याला किंमत कमी. "क्वालिटी" हा शब्द जगातल्या प्रत्येक साइटवर आहे. "विनाकेमिकल गूळ एक किलोचे रवे" हे थोड्याच ठिकाणी. आजची सर्च इंजिनं याच्या खूप पुढं गेली आहेत, पण हा पाया अजून लागू होतो.

पुढं गेली म्हणजे कशी, तर आता फक्त शब्द जुळवत नाहीत, शोधणाऱ्याला काय हवंय ते ओळखायचा प्रयत्न करतात. त्यासाठी गूगलनं एकापाठोपाठ बदल आणले, २०१३ चा हमिंगबर्ड, २०१५ चा रँकब्रेन, मग बर्ट. बर्ट २०१९ च्या ऑक्टोबरात आधी इंग्रजीला आला आणि डिसेंबरात सत्तरेक भाषांना, त्यात मराठी पण आहे. त्यामुळं "कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची" हे विचारणाऱ्याला माहिती पाहिजे, "कोल्हापुरी चप्पल होलसेल" वाल्याला रेट आणि कमीत कमी किती जोड घ्यावे लागतात ते पाहिजे, आणि "कोल्हापुरी चप्पल चावते काय करू" वाल्याला उपाय पाहिजे. तिघांना एकच होमपेज दाखवून चालत नाही. तीन वेगळी पानं करा, आणि प्रत्येक पानाचं टायटल त्या प्रश्नाचंच ठेवा.

मग कीवर्ड जास्त वेळा घातला तर?

नको. वाचणाऱ्याला त्रास होतो आणि गूगलच्या नियमात ते स्पॅम धरलंय. आणि तो मेटा कीवर्ड टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवून लिहिलेली शब्दांची यादी, जो अजून काही जण भरून देतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात, तो रँकिंगला वापरत नाही असं गूगलनं २००९ सालीच जाहीर केलंय.

लिंक मोठी की रेलेव्हन्स?

सोपं उत्तर नाही, पण दिशा स्पष्ट आहे. २०१६ साली गूगलच्या माणसानं जाहीरपणे सांगितलं होतं की पानावरचा मजकूर आणि लिंका हे दोन सगळ्यात मोठे घटक. २०२३ साली गूगलच्याच गॅरी इलिज यांनी सांगितलं की लिंका आता पहिल्या तिनात नाहीत आणि लोक त्यांना फार जास्त महत्त्व देतात. याचा अर्थ लिंका मेल्या असा अजिबात नाही. दोन पानं सारखीच नेमकी असतील तर कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायला बाहेरच्या कुणाचा तरी शब्द लागतोच. पण पानच पातळ असेल तर आधी पान करा.

चांगली लिंक कशी ओळखायची?

मी एकच गोष्ट आधी बघतो, गूगल जगात नसतं तरी ही लिंक कुणी दिली असती का? उत्तर हो असेल तर ती चांगली.

त्यानंतर विषय जुळतो का ते बघा. उद्यमनगरात जाऊन पॅटर्न कुठं करून घ्यायचा असं विचारलं तर मोल्डिंगवाल्यानं सांगितलेलं नाव आपण डोळे झाकून धरतो, तेच नाव कापडाच्या दुकानदारानं सांगितलं तर मनात शंका राहते, माणूस चांगला असला तरी. लिंकेचं तसंच आहे. फौंड्रीला कास्टिंग वापरणाऱ्या पंप कंपनीच्या साइटवरनं आलेली एक लिंक ही भलत्याच देशातल्या औषधांच्या आणि लॉटरीच्या साइटींवरच्या ढीगभर लिंकांपेक्षा मोलाची. पेजरँकच्याच सुमारास संगणकशास्त्रज्ञ जॉन क्लाइनबर्ग यांनी हीच बाजू वेगळ्या पद्धतीनं मांडली होती, की एखाद्या विषयावर काही पानं माहितीची खाण असतात आणि काही पानं चांगल्या यादीची असतात, आणि दोघं एकमेकांना बळ देतात. तुमच्या धंद्यातल्या असोसिएशनची सभासद यादी हे अशा यादीच्या पानाचं उत्तम उदाहरण आहे.

मग लिंक कुठं आहे ते बघा. लेखाच्या मजकुरात, वाक्यात आलेली लिंक आणि पानाच्या तळाला शंभर नावांत कोंबलेली लिंक यात फरक असतो. आणि लिंकवर काय शब्द आहेत, त्याला अँकर टेक्स्ट म्हणतात, त्यावरनं गूगलला समोरच्या पानाचा विषय कळतो. "येथे क्लिक करा" मधनं काहीच कळत नाही, "हुपरीचे चांदीचे पैंजण" मधनं सगळं कळतं. पण बाहेरनं येणाऱ्या प्रत्येक लिंकवर जर हेच नेमके शब्द असतील तर ते उलट संशयास्पद दिसतं, कारण खरी माणसं कधी दुकानाचं नाव लिहितात, कधी नुसता पत्ता टाकतात, कधी आणखी काहीतरी.

स्वस्तात हजारो लिंकांचं पॅकेज मिळतंय, घेऊ का?

घेऊ नका. मनापासून सांगतो, या एका गोष्टीत आपल्या लोकांचे जेवढे पैसे गेलेत तेवढे दुसऱ्या कशात गेलेले मी बघितले नाहीत.

मोठ्यांचं काय झालं ते बघा. अमेरिकेतली जे सी पेनी ही केवढी मोठी दुकानांची साखळी, २०११ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं की कपड्यांपासून चादरीपर्यंत कितीतरी शब्दांना ती पहिली येतेय आणि त्यामागं विकतच्या लिंका आहेत, भलत्याच विषयांच्या साइटींवर टाकलेल्या. गूगलनं कारवाई केली आणि रँक धाडकन खाली. मग २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलचा पेंग्विन नावाचा बदल आला, इंग्रजीतल्या साधारण ३ टक्के सर्चवर त्याचा परिणाम झाला, आणि पॅकेजवर जगणाऱ्या साइटी एका रात्रीत गायब झाल्या. २०१६ पासून पेंग्विन गूगलच्या मुख्य यंत्रणेतच सामील झाला आणि आता तो बहुतेक वेळा अशा लिंकांची किंमतच शून्य करतो. म्हणजे शिक्षा नाही झाली तरी पैसे पाण्यात. आणि गूगलच्या माणसानं तपासून मॅन्युअल अॅक्शन, म्हणजे शिक्षा, लावली तर ती वेगळीच डोकेदुखी.

त्याच पैशात एखाद्या चांगल्या फोटोग्राफरकडनं कारखान्याचे, गुऱ्हाळाचे, मालाचे फोटो काढून घ्या आणि पानं नीट लिहून घ्या.

आधीच घेऊन बसलोय, आता काय करू?

घाबरू नका. सर्च कन्सोल उघडा, ते साइटवाल्यांसाठीचं गूगलचं टूल आहे, फुकट आहे, साइट तुमच्या नावावर असल्याचं सिद्ध करावं लागतं तेवढंच. त्यात मॅन्युअल अॅक्शन असं एक पान आहे, तिथं काही नोंद नसेल तर बहुतेक वेळा काही करायची गरज नाही, त्या लिंका नुसत्या दुर्लक्षित होतात. नोंद असेल तर शक्य तेवढ्या लिंका काढायला लावा, ज्यानं घातल्या त्याच्याच मागं लागा, उरलेल्यांसाठी, त्या लिंका धरू नका असं गूगलला कळवायचं डिसअव्हाव नावाचं टूल आहे, २०१२ सालापासनं, त्यात यादी भरायची, आणि मग परत तपासणीची विनंती पाठवायची. डिसअव्हाव उगीच वापरू नका, त्यात चुकून चांगली लिंक गेली तर नुकसान तुमचंच.

दुसऱ्या कुणी मुद्दाम आमच्या साइटला वाईट लिंका लावल्या तर?

ही भीती खूप जणांना असते. प्रत्येक साइटला कुठनंतरी विचित्र लिंका येतच असतात, गूगलला ते माहीत आहे आणि अशा लिंका ते बाजूला टाकतं. तासन्‌तास त्या यादीत डोकं घालू नका.

फेसबुक, इन्स्टा, यूट्यूबवर लिंक टाकली तर रँकिंगला धरतात का?

थेट फारसं नाही. या ठिकाणच्या लिंकांना नोफॉलो, म्हणजे ही लिंक रँकिंगला धरू नका असं सांगणारा, किंवा तसाच काही टॅग असतो. २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएननं मिळून हा नोफॉलो आणला, कमेंटमध्ये लिंका टाकून जो कचरा होत होता तो थांबवायला. २०१९ साली त्यात दोन भर पडल्या, जाहिरातीच्या लिंकेला स्पॉन्सर्ड आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकेला यूजीसी, आणि तेव्हापासून गूगल या टॅगला सक्तीचा हुकूम न मानता नुसती सूचना मानतं. तुम्ही कुणाला पैसे देऊन लेख छापून आणलात तर त्या लिंकेला स्पॉन्सर्ड लावायला सांगा, म्हणजे नियमात राहता.

पण रँकिंगला नाही म्हणून सोडू नका! रंकाळ्यावरच्या खाऊगल्लीचा एखादा व्हिडिओ गाजला की माणसं दुकानाचं नाव गूगलवर शोधायला लागतात, त्यातलाच एखादा पुढं कुठंतरी लिहितो आणि खरी लिंक देतो. असंच होतं ते.

ओळखीच्या दुकानदारांनी एकमेकांना लिंक दिली तर चालेल का?

खरा संबंध असेल तर बिनधास्त. गुजरीतला सराफ आणि हुपरीचा कारागीर, दोघं एकमेकांचा माल वापरतात, त्यांनी एकमेकांचं नाव लिंक करून लिहिणं हे नैसर्गिकच. पण नुसत्या रँकिंगसाठी पन्नास जणांचा ग्रुप काढायचा, सगळ्यांनी सगळ्यांना लिंक द्यायची, पानाचं नाव "आमचे पार्टनर", हे गूगलच्या नियमात लिंक स्पॅममध्येच मोडतं.

मग कोल्हापुरात बसून खऱ्या लिंका आणायच्या कुठनं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण आपल्याकडं नाती भरपूर आहेत, फक्त ती वेबवर आलेली नाहीत.

आधी वही घेऊन बसा आणि तुमचा धंदा कुणाकुणाशी जोडलेला आहे ते लिहा. ज्या कंपनीची डीलरशिप आहे तिच्या साइटवर डीलरची यादी असते, त्यात तुमचं नाव आहे का, साइटची लिंक आहे का? बहुतेक वेळा फोन नंबर असतो, लिंक नसते, आणि एक मेल केला की ती घालतात. ज्यांना माल देता त्यांच्या साइटवर सप्लायरची माहिती असते का. ज्या असोसिएशनचे तुम्ही वर्षानुवर्षं वर्गणी भरणारे सभासद आहात तिच्या यादीत साइट टाकायला सांगा. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं तुमच्याकडं इंटर्नशिपला येतात, कॉलेजच्या पानावर कंपन्यांची नावं असतात. प्रदर्शनात स्टॉल घेता, प्रदर्शनाच्या साइटवर प्रदर्शकांची यादी असते. गणपतीत किंवा कुस्तीच्या मैदानाला देणगी दिली असेल आणि मंडळाची साइट असेल तर तिथं नाव येणं साहजिक आहे, पण ती देणगी लिंकसाठी देऊ नका.

दुसरा भाग आहे लिहिण्याचा, आणि इथं आपल्याकडं जी माहिती आहे ती दुसऱ्या कुणाकडं नाही. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण गुऱ्हाळात रस काहिलीत उकळताना भेंडीचा चीक घालून मळी कशी काढतात, रंग जास्त पिवळाधमक का दिसतो, साठवणूक कशी करायची, हे मराठीत नीट, फोटोसकट लिहिलेलं पान शोधून बघा किती सापडतात ते. चपलेचं पण तेच. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कसं कमावतात, कापशी म्हणजे कसली, माप कसं घ्यायचं, पावसात काय काळजी घ्यायची, हे ज्याच्या बोटात आहे त्यानंच लिहिलं तर त्याच्यापुढं कुठली कंटेंट कंपनी टिकणार? २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं तसलीच चप्पल दाखवली आणि जगभरच्या पेपरांनी कोल्हापुरीवर लिहिलं. अशा वेळी पत्रकार माहिती शोधत असतात, कुणाकडं आधीपासनं पक्कं पान तयार असेल तर संदर्भ आपसूक त्याचाच जातो. बातमी आल्यावर पान करायला घेतलं तर उशीर झालेला असतो.

फौंड्रीवाल्यांनी वजन काढायचं छोटं कॅल्क्युलेटर, ग्रेडचा तक्ता, कास्टिंगमधल्या दोषांचे फोटो आणि कारणं असं टाकलं तर विद्यार्थी, डिझाइनवाले, परचेसवाले सगळे ते वापरतात आणि लिंक देतात. याला वेळ लागतो हे खरं, पण अशी एक लिंक आली की ती वर्षानुवर्षं राहते.

आणि एक, तुमचं नाव कुठल्या पेपरात किंवा साइटवर आधीच छापून आलंय पण लिंक नाही, असं शोधा. त्यांना नम्रपणे लिहा की साहेब, नावाला लिंक जोडता आली तर बरं होईल. यातनं जेवढ्या सहज लिंका मिळतात तेवढ्या कशातनं नाही.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

गिऱ्हाईक कुठल्या भाषेत शोधतंय त्यावर ठरवा. निर्यातीचं काम असेल तर इंग्रजी लागणारच. स्थानिक गिऱ्हाईक, शेतकरी, घरगुती खरेदी असेल तर मराठी पान जरूर ठेवा, मराठीत चांगली पानं कमी असल्यानं तिथं स्पर्धा पण कमी आहे. एकाच पानावर दोन्ही भाषांची भेळ करू नका, दोन वेगळी पानं करून त्यांना एचरेफलँगनं (कुठलं पान कुठल्या भाषेतलं ते सांगणारा कोड) जोडायला तुमच्या वेबवाल्याला सांगा.

एक खास आपल्याकडची अडचण. जुन्या साइटींवरचं मराठी श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं असतं, ते दिसायला मराठी पण आतनं सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. गूगलला ते वाचताच येत नाही. तपासायचं कसं, तर साइटवरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. तिथं अगडबगड दिसलं तर गूगललाही तसंच दिसतंय, सगळं युनिकोडमध्ये करून घ्या. तसंच रेटकार्ड, मेनू, ऑफर सगळं फ्लेक्ससारखं डिझाइन करून फोटो म्हणून चिकटवलेलं असेल तर त्यातलं महत्त्वाचं अक्षरांत पण लिहा, आणि फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारे शब्द, द्या.

आपल्याच साइटमधल्या लिंकांचा काही उपयोग होतो का?

होतो, भरपूर होतो, आणि हे पूर्ण तुमच्या हातात आहे तरी कुणी करत नाही. होमपेजला बाहेरनं लिंका येतात, तिथलं वजन आतल्या पानांना पोचवायचं ते आतल्या लिंकांनीच. गुळाच्या माहितीच्या पानातनं गुळाच्या विक्रीच्या पानाला स्पष्ट शब्दांत लिंक द्या. ज्या पानाला साइटवर कुठनंच लिंक नाही असली अनाथ पानं शोधून जोडून टाका. आणि लिंक ही ए टॅग आणि एचरेफ (लिंकचा नेहमीचा कोड) वापरूनच केलेली असावी, नुसत्या बटनाला जावास्क्रिप्ट लावून पान उघडत असेल तर गूगल त्या वाटेनं जाईलच असं नाही.

मॅपवर वर यायला पण लिंका लागतात का?

महाद्वार रोडवर उभा राहून कुणी "जवळचं जेवण" शोधलं तर तिथं हिशोब थोडा वेगळा. गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं, रेलेव्हन्स, अंतर आणि प्रॉमिनन्स म्हणजे तुमचं नाव किती प्रसिद्ध आहे ते. अंतर बदलता येत नाही. रेलेव्हन्ससाठी बिझनेस प्रोफाइलमधली कॅटेगरी अचूक निवडा, तांबडा-पांढरा मिळतो तर मेनूत लिहा, वेळा बरोबर ठेवा. आणि प्रॉमिनन्समध्ये रिव्ह्यू, बातम्या आणि लिंका हे सगळं येतं. पैसे देऊन रिव्ह्यू घेऊ नका, आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्या, तक्रार असली तरी.

जुनं, लिंका असलेलं डोमेन विकत घेतलं तर शॉर्टकट होतो का?

नाही. जुन्या डोमेनच्या नावावर भलताच मजकूर टाकून रँक मिळवणं हे २०२४ च्या मार्चमध्ये गूगलनं नियमात स्पॅम म्हणून घातलंय.

गूगल आता वरच एआयचं उत्तर देतंय, मग या सगळ्याला अर्थ उरला का?

आपल्याकडं २०२४ च्या ऑगस्टपासनं एआय ओव्हरव्ह्यू दिसायला लागले. त्यामुळं साध्या माहितीच्या प्रश्नांना क्लिक कमी होतात अशी तक्रार बरेच साइटवाले करतात आणि ती काळजी रास्त आहे. पण त्या उत्तरातही आधार म्हणून पानांच्या लिंका असतात, आणि गूगलच्या म्हणण्याप्रमाणं तिथं यायला वेगळी काही युक्ती नाही, पान इंडेक्समध्ये (गूगलच्या नोंदीत) असलं पाहिजे आणि स्निपेट, म्हणजे छोटा उतारा, दाखवण्याजोगं असलं पाहिजे. ज्याच्याकडं स्वतःचा अनुभव, स्वतःचे फोटो, स्वतःचे आकडे आहेत त्याचं पान आधार म्हणून घ्यावंसं वाटेल. चार साइटींवरनं उतरवून काढलेलं पान कशाला कोण घेईल.

फरक किती दिवसांत दिसतो?

टायटल बदललं तर काही दिवसांतही दिसू शकतो, लिंका आणि नवीन पानांचा परिणाम यायला काही महिने धरा. "पंधरा दिवसांत पहिला नंबर" ची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, गूगल स्वतः हे सांगतं.

साइट नवीन करतोय, नाव पण बदलतोय. जुन्या लिंका वाया जातील का?

नीट केलं तर नाही, आणि न केल्यामुळं जमलेलं सगळं गेलं असं इथं वारंवार होतं, म्हणून हे जरा काळजीनं वाचा. नवीन डिझाइन येतं, पानांचे पत्ते बदलतात, जुन्या पत्त्यावर गेलं की "पान सापडत नाही", आणि त्या पानाला बाहेरनं आलेल्या लिंका भिंतीवर आपटतात. वेबवाल्याला काम देतानाच सांगा की प्रत्येक जुन्या पत्त्यावरनं त्याच विषयाच्या नवीन पत्त्यावर ३०१ रिडायरेक्ट (येणाऱ्याला आपोआप कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय) पाहिजे, सगळी होमपेजवर ढकलायची नाहीत. आधी सर्च कन्सोलमधनं जास्त लिंका असलेल्या पानांची यादी काढून त्याच्या हातात द्या. डोमेन बदलत असेल तर सर्च कन्सोलमधलं पत्ताबदलाचं टूल वापरा. रिडायरेक्ट निदान एक वर्ष तरी चालू ठेवा असं गूगल सांगतं, मी म्हणेन कायमच ठेवा, आणि जुन्या डोमेनचं रिन्यूअल "आता काय उपयोग त्याचा" म्हणून अजिबात सोडून देऊ नका, ते तुमच्याच नावावर, तुमच्याच मेलवर आहे ना तेही आजच तपासून घ्या.